पैंजण दोनदा

अंधेरीतल्या एका हॉटेलात भर दुपारी चहा पिताना एकाने मला विचारलं, "तुम्ही सब ना?" बीडीएसएमची आवड असलेली दहा-बारा माणसं जमली होती. ओळखपाळख, गप्पा, दुसरं काही नाही. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊकच होतं. बाई, त्यातून बुटकी, आवाज मऊ. म्हणजे हुकूम झेलणारी. शेजारच्या धिप्पाड पोराला कुणी विचारलंही नाही, तो डॉमच असणार, हुकूम सोडणारा! तो बिचारा कान लाल करून समोसा कुस्करत बसला. दोन्हीकडे रमणाऱ्याला स्विच म्हणतात, पण 'याचं अजून ठरायचंय' अशा सुरात. जगाने ओवाळून टाकलेली माणसं, आणि आपसात एवढं सोवळं!

मला चौके गावातले आमचे शेजारी काका आठवले. दिवसा नांगर धरायचे, जत्रा सुरू झाल्या की धयकाल्यात, म्हणजे दशावतारी नाटकात, स्त्रीपार्टी. नऊवारी, गंगावन, पायात पैंजण. दशावताराला संहिता नसते. आख्यान आधी सांगितलेलं, संवाद तिथल्या तिथे, सामान म्हणजे एक बाकडं. एकदा राक्षसाने राणीचे केस धरून अशी फरफट केली की मी रडायलाच लागले. नाटक संपल्यावर काका रंग पुसत म्हणाले, "दोनदा पैंजण वाजवलंय, आयकलंस? तेना लगेच हात सैल केल्यान. मारणारो नाय गो, मार खाणारो ठरयता कधी थांबाचा ता."

मी तेव्हा तेरा वर्षांची. पुढे सेफवर्ड, म्हणजे 'आता थांब' सांगणारा आधी ठरलेला शब्द, ही गोष्ट कानावर आली तेव्हा मला ती नवी वाटली नाही.

मॅसोकिझम हे नाव ज्याच्यावरून पडलं, त्या झाखर-माझोखने १८६९ मध्ये एका बाईला सहा महिने गुलाम राहण्याचा लेखी करार करून दिला होता. तिने होता होईल तितक्या वेळा फर अंगावर घालावी, हे कलम त्यात होतंच. गुलामाची हौस! काकांना हे सांगितलं असतं तर ते पोट धरून हसले असते.

सगळं सांगणं जमलं नाही. शेवटच्या भेटीत त्यांच्या पडवीत बसून एवढंच म्हटलं, "काका, मुंबईत आम्ही काही जण तुमच्यासारखंच करतो. कोणी राजा, कोणी दासी. उद्या उलट. तुमचं पैंजण फार उपयोगी पडलं."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"रातीचे कितके देतत?"

"काही नाही."

"अरे देवा," म्हणाले, आणि अडकित्ता उचलून सुपारी कातरायला लागले.