उकाराचा दोष कुणाचा?

२०२० साली टाळेबंदीत महाविद्यालये बंद असताना आम्ही दोघांनी ‘मृत्युंजय’वरील व्याख्याने संगणकाच्या पडद्यावर रेकॉर्ड करून विद्यार्थ्यांना पाठवली. सारे अध्यापन खडू-फळ्यावर झालेले. ही विद्या आम्हांस नवी होती. एका व्याख्यानात आम्ही दोन शब्द शेजारी मांडले होते : ‘कुंतीसुत’ आणि ‘सूतपुत्र’. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे सारथी. कर्णाची शोकात्मिका या ऱ्हस्व-दीर्घाच्या मधल्या जागेत घडते, असे आमचे प्रतिपादन होते.

पुढे परीक्षेत एका विद्यार्थिनीने दोन्हीकडे ‘सुत’ असेच लिहिले. आम्ही गुण कापले, ‘ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष’ असा शेराही मारला. ती भेटायला आली आणि तक्रारीचा एक शब्दही न काढता तिने मोबाइलवर आमचेच व्याख्यान लावले. “मॅडम, सर, यातला दीर्घ उकार कोणता?” आम्ही डोळे ताणून पाहिले. दोन्ही अक्षरांखाली ठिपक्यांचा सारखाच पुंजका होता. उच्चारात हा भेद आपण फारसा पाळत नाही. तेव्हा कानाचाही तिला आधार नव्हता.

त्या रात्री आम्ही मूळ रेकॉर्डिंग उघडले. तिथे उकार स्वच्छ होते! म्हणजे बिघाड संकलनात झाला होता. एडिटिंग सॉफ्टवेअरमधील पूर्वदर्शन वेग राखण्यासाठी पुष्कळदा कमी दर्जाचे दाखवले जाते, म्हणून तिथली अस्पष्टता आम्ही मनावर घेतली नव्हती. खरा दोष मापात होता. आमच्या लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ ठिपक्यांचा, आणि प्रोजेक्ट १९२० × १०८० चा. साडेदहा लाख ठिपक्यांच्या ऐवजातून सॉफ्टवेअरला वीस लाखांहून अधिक ठिपके भरायचे होते. चित्र सुमारे १.४ पट ताणले गेले. पूर्णांकी पट नसल्याने एक ठिपका नेमक्या एका वा दोन ठिपक्यांवर बसेना, आणि अक्षरांच्या कडा अंदाजाने भरल्या गेल्या. माणसाचा चेहरा असता तर हे खपून गेले असते. उकाराला ते सोसत नाही.

आम्ही प्रोजेक्टचे माप मूळ रेकॉर्डिंगइतके केले, चित्र शंभर टक्क्यांवर ठेवले आणि एक्स्पोर्ट करताना बिटरेट वाढवला. शब्द उमटले, पण कडा अजून मळकटच. कारण ते आम्ही हौसेने काळ्यावर लाल रंगात लिहिले होते. प्रचलित ४:२:० पद्धतीत उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची होते, रंगाची मात्र चार ठिपक्यांमागे एकच. फिक्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरे घेऊन तो भाग पुन्हा रेकॉर्ड केला, तेव्हा सूत आणि सुत वेगळे झाले.

दुसरे एक व्याख्यान मात्र वाचवता आले नाही. रेकॉर्ड करतानाच त्याचे माप ६४० × ३६० ठेवले गेले होते. कडा धारदार करणारे फिल्टर लावून पाहिले. त्यांनी धुसर ठिपके अधिक ठळक केले, इतकेच. मुळात जे नोंदलेच गेले नाही, ते कुठून परत यावे? ते व्याख्यान आम्ही नव्याने दिले.

आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. प्रतीवरून प्रत उतरताना अक्षरे झिजतात, म्हणून शंका येताच उपलब्ध प्रतींतल्या जुन्यात जुन्या प्रतीकडे जावे, हे दरवर्षी सांगतो. प्रत्येक एक्स्पोर्ट ही अशीच एक नवी नक्कल असते. इथे लिपिकार आम्ही होतो, आणि प्रत तपासण्याआधीच आम्ही वाचणारीला अज्ञानी ठरवले होते.

तिचे गुण परत दिले, शेरा खोडला. नंतर बाकीच्या उत्तरपत्रिका काढून बसलो. तोच ‘सुत’ आणखी काहींतही होता. त्यांच्यापैकी कुणीही विचारायला आले नव्हते. आमचे शेरे त्यांनी मुकाट्याने खरे मानले होते.