थर्मोक्लाइनबाई

अरबी समुद्रात या बाईंचं वास्तव्य साधारण पन्नास-शंभर मीटर खाली. त्यांच्या वर वाऱ्याने घुसळलेलं, २८ अंशांचं उबदार पाणी. खाली थंडी आणि काळोख. बाईंच्या, म्हणजे थर्मोक्लाइन या थराच्या, हद्दीत शिरलं की पारा भराभर घसरतो आणि २०० मीटरला पोचेपर्यंत १५-१७ अंशांवर येतो. वाड्याच्या जिन्यात पाट मांडून बसलेल्या मालकीणबाईंसारखा थाट: वरच्या बिऱ्हाडाने खाली जायचं नाही, खालच्याने वर यायचं नाही.

गंमत म्हणजे बाईंकडे ना भिंत, ना पडदा, त्याही पाणीच. गरम पाणी हलकं, थंड पाणी जड, एवढ्याच भांडवलावर त्यांचा कारभार. वरच्या आणि खालच्या घनमीटरभर पाण्याच्या वजनात फरक किती, तर हजार किलोंत तीनेक किलो. तेवढ्या जोरावर त्या वाऱ्याशी वाद घालतात. जड पाणी उचलून हलक्यात कालवायचं तर ताकद लागते, आणि बहुतेक वाऱ्यांचा दम बाईंच्या दाराशी पोचेपर्यंत संपलेला असतो.

स्वभाव कद्रू. वर ऊन रग्गड, पण सूक्ष्म वनस्पतींना लागणारं नायट्रेट-फॉस्फेट संपत आलेलं. खाली या खताचा साठा, पण उजेड नाही. दोघांची गाठ पडली तर मासळीची चंगळ. बाई ती सहजासहजी पडू देत नाहीत.

घराण्यात खोड्याही आहेत. १९३०च्या दशकात अमेरिकी नौदलाला सोनार या आवाजावरून माग काढणाऱ्या यंत्रणेने हैराण केलं होतं. सकाळी पाणबुडीचा छान माग लागायचा, दुपारी गायब. यंत्रं ठणठणीत होती. खोलीगणिक तापमान नोंदवणारा ॲथेलस्टन स्पिलहाउस यांचा बाथिथर्मोग्राफ पाण्यात सोडला, तेव्हा चोर सापडला. दुपारच्या उन्हाने अगदी वरच्या पाण्यातच बाईंची एक तात्पुरती धाकटी बहीण जन्मायची आणि येणारा आवाज थंड पाण्याकडे, म्हणजे खाली वाकवायची. पाणबुड्यांचे कप्तान मग थोरल्या बाईंच्या पदराआड लपायला शिकले.

नैर्ऋत्य मोसमी वारे सुटले की मात्र शिस्त ढासळते. केरळपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यालगतचं वरचं पाणी खोल समुद्राकडे सरकतं आणि बाईंना खालच्या बिऱ्हाडासकट वर यावं लागतं. खताला ऊन मिळतं, पाणी हिरवट होतं, मासळीचं पोट भरतं. पण वर आलेलं हे पाणी प्राणवायूला महाग असतं. त्यावर पाऊस आणि नद्या पाचदहा मीटर गोड्या, हलक्या पाण्याचं झाकण घालतात, आणि वरची हवा खाली मिसळेनाशी होते. पावसाळा सरता सरता तळाजवळचा प्राणवायू संपतो. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना तिथे हायड्रोजन सल्फाइडही सापडला आहे. बाईंचं औदार्य असं हिशेबाचं.

बंगालच्या उपसागरातल्या जाऊबाईंचा भर उष्णतेपेक्षा मिठावर. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी खाऱ्यावर पसरलं की जाऊबाई निर्धास्त. चक्रीवादळाने कितीही घुसळलं तरी खालचं थंड पाणी सहसा वर येत नाही. वादळाला उबदार पाण्याचा खुराक मिळत राहतो.

अलीकडे या सगळ्याच घराण्याचा ताठा वाढला आहे. समुद्राचा पृष्ठभाग तापत चालल्याने १९७० ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्रांत वरच्या २०० मीटरमधली ही थरबंदी सुमारे ५ टक्क्यांनी घट्ट झाली. बाईंनी त्यासाठी बोटही हलवलेलं नाही. त्यांचं ते तीन किलोंचं भांडवल आपणच वाढवून देतो आहोत.