अम्मींच्या खोलीतला डिमर

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अम्मींना रात्री एकदम लख्ख उजेड सोसत नाही. तहज्जुदला उठायचं, वुजूसाठी मोरीपर्यंत जायचं आणि वाटेत उंबरा. म्हणून त्यांच्या खोलीत आम्ही डिमर बसवून घेतला होता. पिवळा बल्ब होता तोवर ठीक चाललं. त्याजागी नऊ वॅटचा एलईडी आला आणि डिमर खाली फिरवला की उजेड लुकलुकू लागला, बोर्डातून भुंग्यासारखी घूं-घूंही सुरू झाली. अम्मी म्हणाल्या, "यापेक्षा अंधार बरा. पाय कुठे पडतोय तेच कळत नाही." या वयात एकदा पडलं की माणूस खाटेला खिळतो, हे आमच्या मोहल्ल्याने पाहिलेलं आहे.

बीडमध्ये असं काही झालं की पहिला आळ व्होल्टेजवर. पण बाकीच्या खोल्यांतले बल्ब स्थिर होते. वायरमन आला, म्हणाला, सगळी वायरिंगच बदला. आम्ही म्हटलं, जरा थांबा.

आधी मेन स्विच बंद केला. नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कधी कधी बटण न्यूट्रलच्या तारेवर असतं आणि होल्डरमध्ये वीज राहते. टेस्टर लावून खात्री केली, सैल स्क्रू आवळला. लुकलुक तशीच. मग पेटीतून जुना 60 वॅटचा बल्ब काढून लावला. उजेड कसा लोण्यासारखा उतरला! म्हणजे डिमर धड होता.

आपली वीज सेकंदाला 50 वेळा उलटसुलट होते. डिमर प्रत्येक लाटेचा थोडा भाग कापतो. जुन्या बल्बची तापलेली तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून डोळ्यांना काही जाणवत नाही. साध्या एलईडीच्या आतल्या सर्किटला मात्र ही कापाकापी चालत नाही, शिवाय तो वीजही इतकी कमी ओढतो की डिमरला नीट काम करता येत नाही. 2015 साली उजाला योजना आली, घरोघरी एलईडी पोचले. जुन्या डिमरशी त्यांचं जमेल का, हे कोण विचारणार?

भाईजान म्हणाले, डिमरवर चालणारा एलईडी आणि त्याला जुळणारा नवा डिमर आणू. भाभींनी विचारलं, "पण अम्मींना कमी-जास्त उजेड हवाय कुठे? त्यांना उंबरा दिसायला हवा."

आता उंबऱ्याजवळ, घोट्याच्या उंचीवर अर्ध्या वॅटचा झिरो बल्ब रात्रभर जळतो. डोळ्यांवर येत नाही. लाइट गेली तर उशाशी बॅटरी असते. तिचे सेल दर महिन्याला बदलायचं काम नातवाकडे आहे.