साखर पेठेतला जुना संगणक

सोलापूरच्या पूर्व भागात संगणकाचं खोकं उघडलं की आधी कापसाची तूस निघते. माग शेजारीच चालतात. त्यांची धडधड भिंतीतून येते, तूस खिडकीतून. साखर पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानातला जुना संगणक याच हवेत राबला. लग्नपत्रिका, गड्ड्याच्या यात्रेची हँडबिलं, मंडळांच्या स्मरणिका, तेराव्याची कार्डं. आता त्याच्या पोटातलं सगळं नव्या संगणकात न्यायचं होतं.

यातला पहिला भाग हाताचा. विंडोज ९८ला वेगळा ड्रायव्हर दिल्याशिवाय पेन ड्राइव्ह ओळखता येत नाही, आणि फ्लॉपीत मावतं 1.44 एमबी. म्हणून हार्ड डिस्कच काढायची, रुंद पट्टीच्या केबलऐवजी यूएसबीचा कन्व्हर्टर लावायचा, वीज वेगळ्या अडॅप्टरवरून द्यायची. अशी म्हातारी डिस्क पुन्हा किती वेळा फिरेल याचा भरवसा नसतो. आधी सगळ्याची नक्कल करावी, काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते मग निवांत बघावं. संध्याकाळपर्यंत एकेक फोल्डर सुखरूप पोचलं.

आणि फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं. मराठी कुठेच नाही.

युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा प्रत्येक प्रणालीनं मराठी अक्षरं आपापल्या पद्धतीनं बसवली होती. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच असे. त्या जागी ‘क’ दिसायचा तो फाँटमुळे. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991 साली स्वतःचं घर मिळालं, पण गल्लीबोळातल्या छपाईत जुने फाँट पुढे कितीतरी वर्षं चालले. कार्तिकी वारीचं एक पत्रक त्यात होतं. ‘कार्तिकी’ लिहिताना जुन्या फाँटात ‘ति’ची वेलांटी त च्या आधी टाकलेली आणि रफार त च्या नंतर, म्हणजे डोळ्यांना दिसतं त्या क्रमानं. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो: आधी र, मग त, मग वेलांटी. त्यामुळे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला अक्षरं नुसती बदलून भागत नाही, जागेवरून उचलून इकडची तिकडे ठेवावी लागतात. जोडाक्षरात तो हमखास अडखळतो.

आमच्या भागात ही अडचण कुणाला फार समजावून सांगावी लागत नाही. जेकार्डच्या मागावर चादरीतला मोर कार्डांच्या माळेत साठवलेला असतो. एक कार्ड म्हणजे बाण्याची एक फेक. जिथे भोक, तिथला हुक ताण्याचा धागा वर उचलतो. हीच माळ वेगळ्या हुकांच्या जेकार्डवर चढवली तर मोर उमटत नाही. नक्षी पुन्हा ग्राफवर चौकटी भरून काढावी लागते, कार्डं नव्यानं पाडावी लागतात. 1804च्या सुमारास ल्योंमध्ये जोसेफ मारी जॅकार्डनं हा माग उभा केला. पुढे चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात भोकांची कार्डं घेतली ती त्यावरूनच. संगणकाच्या वंशावळीत माग थोरला आहे, आणि चादरीच्या या शहरात मला त्याचा फार अभिमान वाटतो.

सगळ्यात जीव अडकला होता तो एका फाइलमध्ये. लक्ष्मी-विष्णू गिरणीत साच्यावर उभं राहिलेल्या एका कामगारानं म्हातारपणी आपल्या आठवणी वहीत लिहिल्या आणि आमच्याकडून टाइप करून घेतल्या. वही पुढे वाळवीनं खाल्ली. त्यांची मुलगी पुण्याहून आली, म्हणाली, “दादा, बाकीचं राहू द्या, बाबांचं तेवढं जपून काढा.”

रूपांतर झाल्यावर मी पडद्यावरचं वाचत गेलो आणि त्या शेजारी बसून दुरुस्त्या सांगत गेल्या. ‘धोटा’ शब्दाखाली संगणकानं लाल रेघ ओढली. ‘बदली’ हा शब्द त्याला चालला, पण गिरणीत तो रोजंदारीवर ताटकळणाऱ्या कामगारासाठी होता, हे त्याला कुठून कळणार? वडील मराठी लिहीत, पण राग आला की वाक्यात तेलुगू शिरे. ते शब्द मला लागत नव्हते, त्यांना लागत होते. रात्रपाळीच्या भोंग्याचं वर्णन आलं तेव्हा एका जागी अक्षरांचा पार चुथडा झाला होता. त्यांनी ते वाक्य तोंडपाठ सांगितलं. वडिलांनी ते घरी कितीदा तरी म्हणून दाखवलं असणार. असं शेजारी बसणारं माणूस असेपर्यंतच ही कामं उरकून घ्यायला हवीत. फाँटाचा तक्ता पुढेही कुठेतरी मिळेल, पण तो भोंगा ऐकलेले कान मिळणार नाहीत.

त्यांना मजकूर युनिकोडमध्ये दिला, जुन्या पानांची पीडीएफ दिली आणि एक छापील प्रतही बांधून दिली.

तेलुगू लग्नपत्रिका अजून तशाच आहेत. त्यांच्या फाँटाची मांडणी निराळी आणि मला ती लिपी वाचता येत नाही. गल्लीतले एक अण्णा पूर्वी छापखान्यात तेलुगू खिळे जुळवत. ते रविवारी येऊन बसतो म्हणालेत. त्यांच्यासाठी त्या फाइल वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, फाँटांसकट.