दाद ना फिर्याद

माणसाला एखादा छंद असावा, असं आमचे एक जुने साहेब नेहमी म्हणत. त्यांना स्वतःला रजेचे अर्ज नामंजूर करण्याचा होता. पोस्टाची तिकिटं, जुनी नाणी, काड्यापेट्यांवरची चित्रं हे छंद समाजमान्य आहेत. पाहुणे आले की आल्बम पुढे करता येतो, आणि पाहुण्यांनाही 'अरे वा, हंगेरी का!' असं म्हणत दुसरं बिस्किट उचलता येतं. माझ्या छंदाची पंचाईत अशी, की तो बाहेर काढला की पाहुणे चपला शोधायला लागतात. मी फ्री जॅझच्या रेकॉर्डी जमवतो.

त्यात 'फ्री' या शब्दानं आमच्या गावात भलताच घोटाळा होतो. सोलापुरात दोन चादरींवर एक नॅपकिन फ्री असतो. फ्रीचा याखेरीज दुसरा अर्थ इथं कुणी शिकवलेला नाही. "फ्री आहे म्हणतोस, मग सोळाशे रुपये कशाचे दिलास बे?" असं आमच्या कॅशियरनं मला भर काउंटरवर विचारलं होतं. या प्रश्नाचं उत्तर बी. कॉम.च्या तिन्ही वर्षांत कुठंही नव्हतं.

तरी थोडक्यात सांगून ठेवतो. साध्या जॅझमध्ये एक धून असते, तिच्याखाली स्वरमेळांचं एक ठरलेलं चक्र असतं, आणि त्या चक्रावर प्रत्येक वादक आपली पाळी आली की मनाजोगतं वाजवतो. गृहकर्जासारखंच आहे हे. हप्ता ठरलेला, बाकी संसार ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं करावा. ऑर्नेट कोलमन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं हप्ताच काढून टाकला. २१ डिसेंबर १९६० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यानं आठ वादक जमवले, त्यांच्या दोन चौकड्या केल्या, एक डाव्या स्पीकरमध्ये बसवली, दुसरी उजव्या, आणि सगळ्यांना सदतीस मिनिटं सोडून दिलं. ती तबकडी १९६१ साली 'फ्री जॅझ' याच नावानं निघाली आणि पुढं सगळ्या प्रकारालाच ते नाव पडलं. हे कोलमनसाहेब प्लॅस्टिकचा पांढरा सॅक्सोफोन वाजवायचे. पितळी घ्यायला पैसे नव्हते म्हणून घेतला आणि मग त्याचाच आवाज आवडायला लागला. हे वाचल्यावर मला हा मनुष्य एकदम आपल्यातला वाटला. आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू अशाच आवडायला लागलेल्या आहेत.

ही तबकडी मला मुंबईच्या चोरबाजारात मिळाली. बँकेनं ट्रेनिंगला पाठवलं होतं. संध्याकाळी बाकीचे चौपाटीला गेले, मी मन्सूरअण्णांची एखादी जुनी रेकॉर्ड मिळते का बघायला गेलो. ती मिळाली नाही. दुकानदारानं ही काढली आणि म्हणाला, "ये ले जाओ, कोई लेता नहीं." विक्रीकलेच्या दृष्टीनं हे वाक्य फार थोर आहे. कव्हरला एक खिडकी कापलेली, आणि उघडलं की आत जॅक्सन पोलॉकचं चित्र. घरी आल्यावर आमच्या सौभाग्यवतीनं ते चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि "सडा घालताना बाईचा हात थरथरला वाटतं," एवढंच म्हणाली. पुढं तबकडी सुरू झाली. पाच मिनिटांनी ती स्वयंपाकघरातून आली, अँप्लिफायरचं एक बटण तिनं डावीकडे पूर्ण पिळलं आणि चार वादक जागच्या जागी गप्प केले. "निम्मे तरी घरी जाऊ देत," म्हणाली. पुन्हा आत गेली. संगीतात इतकी नेमकी वजाबाकी मी पाहिलेली नाही.

पण दाद मिळाली ती अनपेक्षित ठिकाणाहून. आमच्या शेजारी एक अण्णा राहतात. तेलुगू घरचे, चाळीस वर्षं यंत्रमागावर काढलेले. पूर्व भागात ज्यांचं बालपण गेलं त्यांना सांगायला नको, की तिथं माणूस झोपतो तो मागाच्या खडखडाटात आणि जागा होतो तो माग थांबल्यावर. अण्णा एकदा पेपर मागायला आले आणि दारातच उभे राहिले. मी घाईनं आवाज कमी करायला गेलो, तर हातानं थांबवलं मला. बसले. दहा मिनिटांनी म्हणाले, "दोन माग आहेत की ओ. डावा हलका चालतोय, उजव्याचा ठोका जड आहे."

डावीकडे बिली हिगिन्स, उजवीकडे एड ब्लॅकवेल. दोन ड्रमवाले. एकेका जाणकारानं पानंच्या पानं लिहून जे सांगितलं, ते अण्णांनी पेपर काखेत धरून सांगितलं. पुढं आणखी एक वाक्य बोलले. "एकाचा धागा तुटला की दुसरा त्याच्यासाठी थांबतोय. आमच्यात असं कुणी थांबत नव्हतं." पेपर मात्र विसरून गेले.

त्या दिवसापासून मी इतरांना शिफारशी करायला लागलो. शिफारस आणि जामीनकी या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत, हे बँकेत काम केल्याशिवाय कळत नाही. जामीनदार सही करतो ती दुसऱ्याच्या भरवशावर, आणि कर्ज थकलं की नोटीस मात्र त्याला येते. तुम्ही कुणाला 'हे ऐकाच' म्हणालात, की पुढं आयुष्यभर त्या गृहस्थाचं डोकं दुखलं की तो तुमच्याकडे बघतो. म्हणून मी आता कर्जदाराची ऐपत पाहून मंजुरी देतो. पीटर ब्रॉट्झमन या जर्मन वादकाची १९६८ सालची 'मशीन गन' ही तबकडी पहिल्या हप्त्यात कुणालाही देऊ नये. नाव अगदी प्रामाणिक आहे. त्यानं स्वतःच्या खर्चानं पहिल्यांदा तीनशेच प्रती काढल्या होत्या; मला वाटतं त्याला आपल्या नातेवाइकांची संख्या माहीत असावी. ख्याल ऐकणाऱ्याला जॉन कोल्ट्रेनचं १९६१ सालचं 'इंडिया' द्यावं. षड्जाशी ठाण मांडून बसलेला सूर लागला की तो आपोआप मान हलवतो. या कोल्ट्रेनची रविशंकरांवर एवढी भक्ती, की १९६५ साली झालेल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं. आमच्या गल्लीत ही एक माहिती सांगितली की पुढची वीस मिनिटं कुणी उठत नाही.

आणि सिनेमाच्या गाण्यांवर जीव असणारा म्हणाला 'हे गोऱ्यांचं खूळ आपल्याला कशाला', तर त्याला 'अलबेला' दाखवावा. १९५१ सालचा. पुणतांब्याचे आमचे सी. रामचंद्र, आणि त्यांच्या वाद्यवृंदात ट्रंपेट घेऊन गोव्याचा चिक चॉकलेट, जो ताजमहाल हॉटेलात साहेबलोकांना जॅझ वाजवून नाचवायचा. पडद्यावरही दिसतो. तेव्हा खूळ आपल्या माजघरात सत्तर वर्षांपूर्वीच येऊन बसलेलं आहे. सनी रोलिन्स तर साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात येऊन राहिला होता, आणि १९७८ साली निरंजन झवेरींनी मुंबईत पहिली 'जॅझ यात्रा' भरवली तेव्हा पुन्हा आला. आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याशिवाय दुसऱ्या कशालाही यात्रा म्हणायची सोलापूरकराची तयारी नसते, पण हे नाव मला पटलेलं आहे. तिथंही पाळणेच असणार.

एक गोष्ट मात्र अजून सौभाग्यवतीलाही पटवता आलेली नाही. मनात येईल ते त्या क्षणी वाजवायचं आणि ते पुन्हा कधीच तसं होणार नाही हे ठाऊक असायचं, हा उद्योग आपल्याकडे शेकडो वर्षं चाललाय. त्याच्या तबकड्या करणं हाच मुळात अव्यापारेषु व्यापार. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवून दाखवला, कारण ७८च्या तबकडीत तेवढीच जागा. पुढं कॅसेट आली आणि जागेची सोय झाली, पण ती सी-नव्वद असेल तर बरोबर पंचेचाळीस मिनिटांनी खट् व्हायची. गवई नेमका द्रुत धरायला आणि बटण उडायला एकच गाठ.

हे मी अधिकारवाणीनं सांगतो, कारण आमच्या मागच्या गल्लीतले गुरुजी गेले, आणि महिन्याभरानं काकू कापडी पिशवी घेऊन आल्या. "तुझ्याकडे ते कॅसेटचं यंत्र आहे म्हणतात. भंगारवाला आलाय गल्लीत. त्याच्याआधी तुला विचारावं म्हटलं."

पिशवीत त्रेचाळीस कॅसेटी होत्या. गुरुजी शाळामास्तर. गदग-विजापूरकडून येणारी गाडी होटगीवरून सोलापुरात शिरते, तिच्यातून धारवाडकडचे गवई उतरले की ज्याच्या घरी बैठक असेल तिथं गुरुजी आपला टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसत. प्रत्येक कॅसेटवर शाळेतल्या शेऱ्यासारखं लिहिलेलं. 'यमन. सुरेख. मागील बाजूस तराणा, अपूर्ण.' 'मारवा. वीज गेली. सेलवर घेतले. तरी गायले.' 'भैरवी. चांगली, पण गडबड.' नापास कुणालाच केलेलं नव्हतं.

काही कॅसेटींना बुरशी, काहींच्या आतला नमद्याचा तुकडा गळून पडलेला. बारीक स्क्रू काढून, दुसऱ्या कॅसेटीतले तुकडे बसवून, नटराज पेन्सिलीनं गुंडाळत मी रोज रात्री एकेक संगणकावर उतरवायला लागलो. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाचा फोन आला. तो कंप्युटरमधलाच. म्हणाला, "काका, आवाज साफ करून पाठवा ना. हल्ली बटण दाबलं की सगळा नॉइज जातो."

बटण मी दाबून पाहिलं. यमन लख्ख झाला. पंखा गेला, रस्त्यावरची रिक्षा गेली, आणि गुरुजीही गेले. कारण मूळ कॅसेटीत समेवर 'अहाहा' होतं, खोकला होता, एकदा 'पंखा बंद करा हो' होतं. माणूस तीस वर्षं सगळ्यांचा आवाज भरून घेत होता आणि स्वतःचा म्हणून तेवढाच राहिला होता, तोही गडबड या खात्यात. खतावणीत ही नोंद कुठल्या बाजूला घालायची?

मी दोन्ही प्रती केल्या. मुलाला मारव्याची न साफ केलेली पाठवली. तिच्यात चव्वेचाळिसाव्या मिनिटाला गुरुजी कुजबुजतात, 'उलटव, उलटव', आणि एक सहासात वर्षांचा आवाज म्हणतो, 'बाबा, अजून लाल दिवा लागलेला आहे.' त्या रात्री साडेअकराला पुन्हा फोन आला. काही बोलला नाही फारसा. म्हणाला, सगळ्या तशाच पाठवा.

काकू दर गुरुवारी दुपारी येतात. एक कॅसेट ऐकतात. गाण्याकडे त्यांचं विशेष लक्ष नसतं. "हं, इथं चहा सांगायला उठले," असं काहीतरी म्हणतात आणि खरंच सतरंजी सरकल्यासारखा आवाज येतो. परवा कॅसेट संपली तरी बसून राहिल्या. "तुझ्या त्या गोऱ्यांच्या रेकॉर्डीत कुणी वाहवा करत नाही का रे?" म्हणाल्या.

मी बिल एव्हान्सची लावली. ती तशी फ्री जॅझ नव्हे, साधा पियानो, पण तिच्यात डबल बास वाजवणारा स्कॉट लाफारो हा कोलमनच्या डाव्या चौकडीतलाच. २५ जून १९६१, न्यूयॉर्कमधलं 'व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाचं तळघर. लोक खातपीत बसलेत, पेले वाजताहेत, मधेच एक बाई हसते. काकू कान देऊन ऐकत होत्या. पेले वाजले तसा त्यांचा चेहरा खुलला. "अगं बाई, हे तर घरातलंच आहे," म्हणाल्या. मग विचारलं, तो मोठं वाद्य वाजवतो तो कोण. मी सांगितलं, पंचवीस वर्षांचा होता, या कार्यक्रमानंतर अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला.

काकू थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग पिशवी आवरत म्हणाल्या, "आणि ती हसणारी? तिचं काय झालं कुठं लिहिलंय का?"