घरी परतलेले गाणे

लष्करातील आमच्या माडीवर आम्ही चार स्नेही दर रविवारी दत्तात्रेय विष्णु पलुस्करांच्या जुन्या तबकड्या ऐकावयास बसतो. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात बापूराव राग मांडतात, ताना घेतात आणि समेवर येतात. घाई मात्र कोठेच जाणवत नाही.

हे गाणे मूळचे आमच्याच गावचे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ते दक्षिणेस नेले, त्यांच्याकडून ते विष्णु दिगंबरांस मिळाले. वडील १९३१ साली वारले तेव्हा बापूराव अवघे दहा वर्षांचे. पुढील विद्या त्यांनी वडिलांच्या शिष्यांकडून घेतली. १९५५ साली, ३४ व्या वर्षी, तेही गेले. आमच्या कृष्णराव शंकर पंडितांस ९६ वर्षांचे आयुष्य लाभले. बापूरावांच्या मागे उरल्या त्या तबकड्याच.

त्यांचे सारे मुद्रित गाणे, साथीदारांच्या नावांसह व सालवारीने, पुन्हा एकत्र प्रसिद्ध व्हावे, ही आमची इच्छा. थोडी खरखर राहिली तरी चालेल. ती पुसताना आवाजातील आसही पुसली जाते. मात्र हे लवकर व्हावे. आमच्यातील एकास अलीकडे कमी ऐकू येते. तो पेटीवर तळहात ठेवून ऐकतो आणि बोटाने सम दाखवितो. गेल्या रविवारी त्याची सम चुकली. आम्ही कोणीच काही बोललो नाही. तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली.