प्रवासाला सोमसूत्र नसतं

अण्णा आमच्या नात्यातले नव्हेत. वाडीत दोन घरं सोडून राहणारे, एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. पण माझ्या आयुष्यातले दोन प्रवास त्यांनी आखून दिले, आणि दोन्ही वेळा मला आखणीचं मोल परत आल्यावरच कळलं.

पहिला १९९६ सालचा. डी.एड. झालं होतं. सोमवारी कोल्हापूरला मुलाखत, मंगळवारी सावंतवाडीला. आई म्हणाली, सोमवारी रात्री घरी ये, पहाटे पुन्हा नीघ. तेव्हा अण्णा नोकरीत होते. हातखंब्याच्या तिठ्यावर मुंबईची, गोव्याची आणि रत्नागिरीची वाट एकत्र येते. तिथे उभं राहून त्यांनी मला विचारलं,

"बाय, गेलीस त्याच वाटेने परत कशाला येतेस?"

खिशातला एक जुना छापील फॉर्म काढून त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी वेळा लिहिल्या. आंबा घाटाने कोल्हापूर. मुलाखत झाली की आजरा, आंबोली करत सावंतवाडीत उतरायचं, मावशीकडे मुक्काम. मंगळवारी दुपारी हायवेने कणकवली, राजापूर, लांजा करत घरी. जाताना घाट चढायचा, येताना समुद्राच्या अंगाने यायचं. आंबा घाट दुसऱ्यांदा नाहीच.

कोल्हापूरला माझं काही झालं नाही. नोकरी सावंतवाडीकडची मिळाली. घरी येऊन पुन्हा निघाले असते, तर त्या मुलाखतीला मी जागरणाने आंबलेली पोचले असते. परतल्यावर अण्णांनी आधी कागद मागितला. ठरलेल्या वेळेपुढे प्रत्यक्ष वेळ लिहिली आणि मगच विचारलं, "कशी झाली?"

दुसरा प्रवास २०२४ सालचा. आईला काशी करायची होती. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे बोलायला लागलेले. मी मुंबई ते वाराणसी आणि वाराणसी ते मुंबई अशी तिकिटं काढायला बसले होते. अण्णा अंगणात आले, मोबाइल डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि म्हणाले,

"काशी, प्रयाग, अयोध्या करणार. मग अयोध्येहून पुन्हा काशीला कशाला? शंकराच्या देवळात सोमसूत्र ओलांडायचं नसतं, म्हणून आपण तिथून मागे फिरतो. प्रवासाला कुठलं आलंय सोमसूत्र?"

अयोध्येहून वाराणसी म्हणजे दोनशे किलोमीटरच्या घरात. फक्त विमान गाठण्यासाठी एक आख्खा दिवस, एक जादा मुक्काम आणि आईचे गुडघे. अयोध्येचं नवं विमानतळ ३० डिसेंबर २०२३ ला सुरू झालं होतं. देशातल्या विमानांत बहुतेक वेळा जाण्याचं आणि येण्याचं भाडं सुटंच आकारतात, त्यामुळे उतरायचं एका शहरात आणि चढायचं दुसऱ्यात, याने फारसं बिघडत नाही. हे मी नंतर शोधलं. अण्णांना ते माहीत असायची गरज नव्हती.

परतीचंही त्यांनी मुंबईवर सोडलं नाही. गोव्यातलं मोपाचं विमानतळ २०२३ च्या जानेवारीपासून चालू होतं, आणि हातखंब्याला मुंबईपेक्षा ते बरंच जवळ. अयोध्या ते मुंबई आणि मुंबई ते मोपा अशी दोन वेगळी तिकिटं मला स्वस्त दिसत होती. अण्णा हसले.

"पहिली गाडी लेट झाली तर दुसरी तुझ्यासाठी थांबेल? जोडगाडीचं तिकीट एकच हवं."

एका तिकिटावर दोन्ही विमानं असली तर चुकलेल्या जोडणीची जबाबदारी कंपनीवर येते. वेगळी काढली तर नुकसान आपलं. पैसे थोडे जास्त गेले, पण मी एकच तिकीट काढलं. मग त्यांनी घरातून एक पाठकोरा कागद आणला आणि रत्नागिरीच्या रात्रीच्या गाडीपासून सगळं लिहून काढलं.

आईने काशीत गंगाजलाचा गडू घेतला, प्रयागला संगमावर हात जोडले, शरयूत पाय बुडवले. कुठेही मागे फिरली नाही. गडू चेक-इनच्या बॅगेत साडीत गुंडाळून आला.

मोपाहून भाड्याच्या गाडीने हायवे धरला. पाली मागे पडली तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. आई मागच्या सीटवर झोपली होती. तिठ्यावर गाडीचे दिवे वळले आणि बंद टपरीच्या बाकावर कानटोपी घातलेला माणूस उठून उभा राहिला. हातात बॅटरी.

मी उतरून वाकले. गंगाजल आधी त्यांच्या घरी, असं आईने अयोध्येतच बजावलं होतं. ते सांगायला तोंड उघडलं, तर अण्णांनी हात पुढे केला.

"कागद दे."

बॅटरीच्या उजेडात त्यांनी शेवटच्या ओळीपुढे लिहिलं: १.२०. मग घड्याळाकडे पाहून म्हणाले, "वीस मिनिटं लेट. रात्रीच्या गाडीला चालतंय. म्हातारी बरी हाय ना?"